कबुतरांनी वाढवलेली राणी की सीमेच्या दगडावरची?

पत्र : मी बेळगाव जिल्ह्यातल्या खानापूर तालुक्यातल्या एका मराठी शाळेत शिकवते. आमच्याकडे राणी म्हटलं की कित्तूरची चन्नम्मा, नाहीतर बेळवडीची मल्लम्मा. दोघींवर पुष्कळ लिहिलं गेलंय, म्हणून मी लांबची राणी धरली : बाबिलोनची सेमिरामिस. तीन प्रकरणं झालीत, सोबत पाठवते. पहिल्यात तिचा जन्म आणि कबुतरांनी केलेला सांभाळ, दुसऱ्यात झुलत्या बागेतली मेजवानी, तिसऱ्यात सीरियातल्या अर्पादच्या स्वारीला भर पावसात निघालेली फौज. शेवट भारतावरच्या स्वारीनं करायचा विचार आहे. पण जितकं वाचावं तितका गोंधळ वाढतो. एकीकडे ती देवीची मुलगी, दुसरीकडे नुसती राजाची आई. खरं कोणतं धरू? त्यात माझा मुलगा संवाद वाचून हसला. म्हणाला, ‘आई, हे सगळे पन्हाळ्यावरून आल्यासारखे बोलतात.’
– एक शिक्षिका

उत्तर :

बाई, स. न. वि. वि.

मुलाचं हसणं रास्त आहे, पण संवाद दुरुस्त करणं त्यातल्या त्यात सोपं. त्याआधीचा गुंता मोठा आहे. तुमच्या वहीत एकाच नावानं दोन बायका वावरतायत आणि दोघींमध्ये चारशे ते साडेसातशे वर्षांचं अंतर आहे.

पहिली सम्मुरामत. ही आजच्या उत्तर इराकातल्या अ‍ॅसिरियाचा राजा पाचवा शमशी-अदाद याची राणी आणि तिसरा अदाद-निरारी याची आई. नवरा इ.स.पू. ८११ मध्ये गेला, मुलगा गादीवर आला. तिच्याबद्दल आपल्या हाती जे आहे ते एका हाताच्या बोटांवर मोजता येतं. अशूर शहरात राजे आणि बडे अधिकारी यांच्या नावांचे दगडी स्तंभ रांगेनं उभे होते, त्यात एक तिचा : अमक्याची राणी, तमक्याची आई, शल्मनेसरची सून. राजधानी कल्हूच्या, म्हणजे आजच्या निमरूदच्या, सुभेदारानं नबू देवाच्या देवळात उभ्या केलेल्या पुतळ्यांवर राजाच्या बरोबरीनं तिच्या आयुष्यासाठी प्रार्थना कोरली आहे. आणि तिसरा पुरावा आज तुर्कस्तानात असलेल्या पझारजिक गावाजवळ सापडलेला दगड. त्याच्याकडे नीट येऊच.

दुसरी सेमिरामिस. हिचं चरित्र डिओडोरस या ग्रीक इतिहासकारानं इ.स.पू. पहिल्या शतकात लिहिलं, तेही बव्हंशी क्टेसियस नावाच्या ग्रीक वैद्याच्या आधारानं. हा वैद्य इराणी दरबारात होता, इ.स.पू. ४०० च्या आसपास. म्हणजे त्यानं ऐकलं तेव्हाच मूळ बाईला जाऊन चारशे वर्षं झाली होती. देर्केतो देवीनं टाकलेली मुलगी, कबुतरांनी धनगरांच्या वाड्यातून चोचीत दूध आणि पुढं चीज आणून जगवलेली, चीज कुरतडलेलं दिसलं म्हणून धनगरांना सापडलेली, निनस राजानं नवऱ्याकडून हिसकावलेली, बाबिलोन वसवणारी, भारतावर चालून जाणारी, ६२ वर्षं जगून शेवटी कबूतर होऊन उडून गेलेली. ही सगळी दुसरीची गोष्ट. कबुतरं कुठून आली हेही सांगता येतं. अ‍ॅसिरियाच्या अक्कादी भाषेत कबुतराला ‘सुम्मतु’ म्हणतात. नावाच्या नादावरून गोष्ट जन्मली असणार. गावाच्या नावावरून देवाची कथा रचायची खोड आपल्याकडेही कमी नाही.

‘खरं कोणतं’ हा प्रश्न म्हणूनच चुकीच्या जागी पडतो. दोन्हींवर कादंबरी होते. दंतकथाच लिहायची असेल तर ती पुराणासारखी बिनधास्त लिहा. निनसची १७ लाख पायदळ आणि २ लाख १० हजार घोडदळाची फौज घ्या, देवी घ्या, उडणारं कबूतर घ्या. मात्र मग त्यात अर्पाद, अदाद-निरारी, इ.स.पू. ८०५ असले शब्द येऊ देऊ नका. एकदा सनावळी आली की वाचक पंचांग उघडून बसतो आणि कबूतर खोटं पडतं. आज तुमचं पहिलं प्रकरण पुराणात आहे, तिसरं इतिहासात आणि दुसरं दोन्हीत नाही, कारण झुलत्या बागा सेमिरामिसच्या नव्हेत हे खुद्द डिओडोरस सांगतो. त्या नंतरच्या एका राजानं बांधल्या असं त्याचं म्हणणं. ते प्रकरण कोणत्याही वाटेनं गेलात तरी जाणार आहे, वाईट वाटून घेऊ नका.

आमचा कौल सम्मुरामतला. कारण सांगतो.

पझारजिकचा तो दगड हा सीमेचा दगड आहे. कुम्मुहचा राजा उश्पिलुलुमे आणि गुरगुमचा राजा कलपरुंडा यांच्या राज्यांमधली हद्द ठरवणारा. त्यावरचा मजकूर थोडक्यात असा : हा अदाद-निरारीचा आणि त्याची आई सम्मुरामत हिचा सीमादगड, अर्पादचा अतरशुम्की आणि त्याच्या बाजूचे आठ राजे उठले तेव्हा उश्पिलुलुमेनं या दोघांना युफ्रेटिस नदी ओलांडायला लावली, पकरहुबुनु गावापाशी लढाई झाली, शत्रूची छावणी हाती आली, त्याच वर्षी ही हद्द आखली. पुढं, जो कोणी ही हद्द हिसकावील त्याच्यावर देवांचा कोप होवो, असा शाप. आपल्या भागात सीमेचा दगड म्हणजे काय, तो कुठं रोवला यावरून किती घरांत किती वर्षं बोलणं चालतं, हे कुणाला समजावून द्यावं लागत नाही. मुंबई-पुण्याच्या लेखकाला हा दगड कल्पनेनं उभा करावा लागेल. तुम्ही त्याच्या सावलीत शाळा शिकवता.

शिवाय हा दगड तुम्हाला कादंबरीचा शेवट आयता देतो. पाथरवट छिन्नीनं नाव कोरतोय, राजाच्या नावाच्या खालोखाल एका बाईचं नाव येतंय, आणि तिथं उभे असलेले लोक एकमेकांकडे बघतायत. अ‍ॅसिरियात राजाच्या शिलालेखात बाईचं नाव मोहिमेच्या संदर्भात येणं जवळजवळ घडतच नसे. भारतावरच्या स्वारीपेक्षा हा शेवट लाखपटीनं बरा. उपसंहार हवा असेल तर तोही त्याच दगडाच्या पाठीवर आहे. तीसेक वर्षांनी चौथ्या शल्मनेसरच्या काळात दगड उलटा करून मागच्या बाजूला नवा मजकूर कोरला गेला, हद्द तीच, उश्पिलुलुमेचं नाव तेच, पण तिचं नाव त्यात येत नाही.

सुरुवात मात्र ८११ पासून करू नका, मागं जा. सासरा, तिसरा शल्मनेसर, जिवंत असतानाच थोरल्या मुलानं, अशूर-दानिन-अपलीनं, बंड केलं आणि निनवे, अशूर धरून २७ शहरं त्याच्या बाजूला गेली. कल्हू राजाकडे राहिलं. सासरा ८२४ मध्ये वारला आणि धाकट्या मुलाला, म्हणजे सम्मुरामतच्या नवऱ्याला, राज्य ताब्यात यायला ८२० उजाडलं. तिच्या स्तंभावर नवरा आणि मुलगा याबरोबर सासऱ्याचंही नाव का, याचं उत्तर या यादवीत शोधता येतं : घराण्यावरचा हक्क तिघांच्या नावांनी सांगायचा होता. हे आमचं अनुमान झालं, पण कादंबरीला एवढा धागा पुरतो. पुढं नवऱ्यानं अखेरच्या वर्षांत बाबिलोनियावर स्वाऱ्या करून तिथले दोन राजे पकडून आणले. म्हणजे बाबिलोन हवंच असेल तर ते असं आणा : बेड्या घातलेला एक परका राजा कल्हूच्या रस्त्यावरून जातोय आणि ती गच्चीवरून बघतेय.

तिनं मुलाच्या नावानं पाच वर्षं राज्य चालवलं, असं ठिकठिकाणी छापलेलं आढळेल. दगडावर तसं कुठंच लिहिलेलं नाही. मुलाचं वयही लिहिलेलं नाही. इथं तुमची मोकळीक सुरू होते, फक्त ती कुठं सुरू झाली ते तुम्हाला कळलं पाहिजे. त्यासाठी एक साधी युक्ती. प्रकरणाची छापील प्रत काढा आणि तीन रंगांच्या पेन्सिली घ्या. दगडावरचं काळ्यानं अधोरेखित करा, ग्रीक कथेतलं निळ्यानं, तुमच्या पदरचं लाल रंगानं. लाल जास्त निघणारच, निम्म्याहून अधिक असलं तरी ती कादंबरी आहे, प्रबंध नव्हे. घोटाळा तिथं होतो जिथं एकाच वाक्यात काळा आणि निळा दोन्ही येतात. तुमच्या तिसऱ्या प्रकरणात अशी ११ वाक्यं सापडली. ‘कबुतरांनी वाढवलेली राणी अदाद-निरारीचा हात धरून म्हणाली’ हे त्यातलं पहिलं.

मूळ मजकूर वाचायला महागडी पुस्तकं लागत नाहीत. अ‍ॅसिरियन राजांचे शिलालेख लिप्यंतर आणि इंग्रजी भाषांतरासह ‘ओरॅक’ या संकेतस्थळावर मोफत आहेत. अदाद-निरारीचे सगळे लेख वाचायला दोन रविवार पुरे. डिओडोरसचा दुसरा ग्रंथ, प्रकरणं ४ ते २०, हीही इंग्रजीत मोफत मिळतात. बाकी कोणत्याही ‘जगातल्या दहा थोर राण्या’ छापाच्या लेखाला हात लावू नका. दोघींची खिचडी तिथंच शिजते.

आता भारतावरची स्वारी. ती सोडताना तुमचा जीव खालीवर होणार, म्हणून ती काय आहे ते एकदा बघू. डिओडोरस सांगतो, सेमिरामिसकडे हत्ती नव्हते, म्हणून तिनं तीन लाख काळे बैल मारून त्यांची कातडी शिवून, आत गवत भरून खोटे हत्ती करवले. प्रत्येकात एक उंट आणि एक माणूस. सिंधूकाठच्या राजाचं नाव स्ताब्रोबातेस. त्याची घोडी खऱ्या हत्तींना सरावलेली, पण या हत्तींतून उंटाचा वास आल्यावर बिथरली. शेवटी खरे हत्ती आले आणि सोंग उघडं पडलं, राणी जखमी होऊन पुलावरून परत पळाली. गोष्ट झकास आहे. पण खरे अ‍ॅसिरियन हत्ती ओळखत होते. सम्मुरामतच्या आजेसासऱ्यानं, दुसऱ्या अशूरनसिरपालनं, ३० हत्ती मारल्याचं कोरून ठेवलंय, कारण त्या काळी सीरियात हत्ती होते. म्हणजे कातडी शिवायची वेळ तिच्यावर आलीच नसती. स्ताब्रोबातेसचा तुम्ही केलेला ‘स्थावरपती’ कानाला गोड लागतो, पण त्याच्या दरबारात बसवलेला चाणक्यासारखा मंत्री सुमारे पाचशे वर्षं आधीच येऊन बसलाय.

तिसऱ्या प्रकरणाकडे वळतो, कारण तुमचं उत्तम लेखन तिथं आहे आणि मोठ्या चुकाही तिथंच.

पहिली चूक पाऊस. सैनिक घोंगडी पांघरून ज्येष्ठातला चिखल तुडवतायत तो चिखल तुमच्या जांबोटी-कणकुंबीचा आहे, कल्हूचा नाही. तिकडे मोसमी पाऊस नाही. पाऊस कार्तिकापासून चैत्रापर्यंत, हिवाळी. ज्येष्ठात आभाळ कोरडं ठाक, जमीन भाजलेली, बार्लीची कापणी आटोपलेली. आणि म्हणूनच फौज तेव्हा निघते : खळी भरलेली असतात, माणसं शेतातून मोकळी झालेली असतात. आपण पावसाळा संपल्यावर दसऱ्याला सीमोल्लंघन करतो, ते कापणी संपल्यावर करत. फरक एवढाच ध्यानात ठेवलात की अर्धी दृश्यं आपोआप सुधारतील. पाणी मात्र तुम्हाला हवं तेवढं मिळेल, आभाळातून नव्हे, नदीतून. तुर्कस्तानच्या डोंगरांतलं बर्फ वितळून युफ्रेटिसला चैत्र-वैशाखात पूर येतो. सासरा शल्मनेसर आपल्या लेखांत पुन्हा पुन्हा सांगतो की मी युफ्रेटिस पुरात असताना ओलांडली. ही बढाई आहे आणि तीत धोका खरा आहे. फुगवलेल्या बकऱ्याच्या कातड्यांवर लाकडं बांधून केलेले तराफे, त्यावर रथाचे सुटे भाग, घोडी पोहत, आणि माणसं एकेक फुगवलेलं कातडं पोटाखाली धरून. शिल्पांत हे स्पष्ट दिसतं. कातड्यातून हवा गळते, म्हणून पोहताना माणूस नळीनं पुन्हा फुंकर घालत असतो. तुमच्या चिखलाच्या चार पानांऐवजी ही चार पानं लिहा.

दुसरी चूक घोड्याची. राणी ‘रिकिबीत पाय देऊन’ घोड्यावर झेपावते. रिकीब यायला तिथून हजाराहून जास्त वर्षं आहेत. त्या काळच्या शिल्पांत स्वार जोडीनं दिसतात. एकाच्या हाती दोन्ही घोड्यांचे लगाम, दुसरा बाण सोडतो. इतका घोड्यावरचा बसण्याचा बेभरवसा. राणीला रथात किंवा झाकलेल्या गाडीत बसवा आणि घोडदळातली अशी एक जोडी दुय्यम पात्रं म्हणून घ्या. एकाचा जीव दुसऱ्याच्या हातातल्या लगामावर, याहून चांगली मैत्री कुठं मिळणार?

फौजेचा आकडाही आवरा. तुम्ही पाच लाख लिहिलेत. शल्मनेसर स्वतःच्या चौदाव्या वर्षी १,२०,००० माणसांनिशी नदी ओलांडल्याचं सांगतो आणि तोही राजाचा आकडा, हातचं राखून घ्यावा असा. गणित करून बघा. माणशी रोज किलोभर धान्य धरलं तर १०,००० माणसांना रोज १०० क्विंटल, म्हणजे दहा टनी एक ट्रक. गाढवावर ७० किलो लादलं तर रोजच्या धान्याला दीडशेच्या आसपास गाढवं, आणि गाढवंही खातात. कल्हूहून अर्पाद, म्हणजे अलेप्पोच्या उत्तरेला, रस्त्यानं सहाशे किलोमीटरच्या वर. दिवसाला वीस किलोमीटर चाललात तरी महिना. महिन्याचं धान्य कुणी पाठीवर नेत नाही. म्हणून वाटेवरच्या सुभेदारांची कोठारं महत्त्वाची, आणि म्हणून एखाद्या सुभेदारानं कोठार रिकामं दाखवलं की तेच तुमच्या प्रकरणाचं संकट. लढाईपेक्षा या कोठाराच्या दारातलं भांडण लिहायला सोपं आणि वाचायला जास्त रंगतदार होईल.

स्वयंपाकघरातून मिरची, शेंगदाणे, मका, बटाटा, टोमॅटो, काजू आणि तंबाखू बाहेर काढा. सगळी अमेरिकेची पिकं. निपाणीकडच्या वाचकाला तंबाखूशिवाय छावणी कशी रंगणार हे कोडं पडेल, पण इलाज नाही. साखरही नाही, गोडाला खजुराचा पाक आणि मध. राहिलं काय? बार्लीच्या आणि गव्हाच्या रोट्या, तिळाचं तेल, कांदा, लसूण, मसूर, हरभरे, जिरं, धणे, डाळिंब, मेंढीचं मटण, बार्लीची बिअर आणि डोंगराकडची वाइन. मेजवानीचं दृश्य गेलं म्हणून हळहळत असाल तर अशूरनसिरपालनं कल्हूचा राजवाडा बांधून झाल्यावर दिलेल्या जेवणावळीचा हिशेबच दगडावर आहे : दहा दिवस, ६९,५७४ माणसं. त्यात ४७,०७४ बाहेरगावचे कामकरी स्त्री-पुरुष, ५,००० परराज्यांतले पाहुणे, १६,००० कल्हूचे रहिवासी, १,५०० राजवाड्यातले. १०,००० बुधले बिअर, १०,००० पखाली वाइन. सम्मुरामतच्या काळी ही साठ-सत्तर वर्षांपूर्वीची गोष्ट. एखादी म्हातारी दासी ‘खरं जेवण तेव्हा झालं’ म्हणून सुनेच्या काळातल्या जेवणाला नावं ठेवील. आकडे पात्राच्या तोंडात असेच घाला, निवेदनात ओतू नका.

कपड्यांत सूत नको. कापसाची झाडं सेनाखेरिब या पुढच्या काळातल्या राजानं आपल्या बागेत लावून घेतली ती इ.स.पू. ७०० च्या सुमारास, ‘लोकर धरणारी झाडं’ म्हणून नवलाई सांगत. तुमच्या राणीच्या काळी लोकर आणि लिनन, म्हणजे जवसाच्या धाग्याचं कापड. रेशीम तर नकोच. नाणी नाहीत, चांदी वजनानं : शेकेल सव्वाआठ ग्रॅमच्या आसपास, ६० शेकेलांचा एक मिना, ६० मिनांचा एक टॅलेंट, म्हणजे तीसेक किलो. ‘मोहरांची थैली फेकली’ हे वाक्य तुमच्याकडे दोनदा आहे. त्याऐवजी तराजू येऊ द्या. तराजू आला की तोलणारा येतो आणि तोलणारा आला की तक्रार येते. राणीची खूण हवी असेल तर विंचू वापरा. अ‍ॅसिरियन राण्यांच्या मुद्रांवर आणि वस्तूंवर तो आढळतो. जरीपटका आणि मोर्चेल मात्र परत करा.

यावरूनच मुलाचा आक्षेप. मुजरा, खलिता, फर्मान, सरकार, हुजूर, शिलेदार हे शब्द आले की मराठी वाचकाच्या डोळ्यांपुढं गडच उभा राहतो, दोष वाचकाचा नाही. काही जण मग उलट टोकाला जाऊन आर्यपुत्र, महाराज्ञी, प्रणिपात असं लिहितात. त्यानं माणसं इराकातून उठून थेट महाभारतात पोचतात. राजा, राणी, सेनापती, सुभेदार, लेखनिक, देऊळ, हद्द, नमस्कार एवढ्या साध्या शब्दांवर भागवा. (आम्हीही वर ‘सुभेदार’ लिहिलाच, तो शब्दही फारसीतून आलाय, पण रोजच्या वापरानं त्याचा वास उडालाय. वास उडालेला शब्द चालतो, एवढीच कसोटी.) आदर दाखवायला खुद्द अ‍ॅसिरियन पत्रांची धाटणी घ्या. राजाला लिहिणारा ‘माझ्या धनी राजाला, तुमचा सेवक अमुक’ अशी सुरुवात करतो, देवांचं नाव घेऊन राजाचं कुशल चिंतितो, आणि मग राजाशी तृतीयपुरुषात बोलतो. ही पत्रं प्रामुख्यानं पुढच्या दीड शतकातली आहेत, पण चाल उसनी घेता येते. मराठीत ती विनासायास बसते : ‘राजानं ऐकावं. कोठारात धान्य नाही. राजानं मला दोष देऊ नये.’ कुठंही ‘सरकार’ नाही आणि माणूस वाकलेला कळतो.

दुसरी गोष्ट तुम्हाला शिकवायची गरज नाही, फक्त आठवण करून देतो. अ‍ॅसिरियाच्या राजवाड्यातली भाषा अक्कादी, आणि पश्चिमेकडून आरामाईक पसरत चाललेली. अर्पादचे लोक आरामाईक बोलणारे. युफ्रेटिसच्या काठावर दोन्ही कानांवर पडत असणार. बाजारात एक भाषा, घरात दुसरी, कचेरीच्या पाटीवर तिसरी, हे तुमचं रोजचं जगणं. माणूस कोणत्याही भाषेत सौदा करो, मोजतो, शिव्या देतो आणि देवाला हाक मारतो ते आईच्या भाषेत. तुमच्या तराफेवाल्याला अक्कादीत बोलताना ग्रंथाळ मराठी द्या आणि आपल्या माणसांत गेला की बेळगावकडची बोली : ‘कुठं जाऊलालास रे?’ वाचकाला कंसात अर्थ द्यावा लागणार नाही. पण बोली फक्त नोकरचाकरांना आणि हसवण्यासाठी दिलीत तर ती अंगावर येईल. एक शहाणं पात्रही तीच बोली बोलू द्या.

नावांचं छोटं काम. अदाद-निरारी, अतरशुम्की, अशूर, अर्पाद, अशूर-दानिन-अपली, सगळे ‘अ’. वाचक तिसऱ्या पानावर हरवतो. राजाला घरात ‘निरारी’ म्हणा, शत्रूला त्याच्या गावावरून ‘अर्पादवाला’. एका कागदावर प्रत्येक नावाचं एकच लेखन ठरवून भिंतीला चिकटवा. तुमच्याकडे कल्हू तीन प्रकारे लिहिलंय. आणि पात्रांच्या तोंडी इ.स.पू. येणं शक्यच नाही. तिथं प्रत्येक वर्षाला एका अधिकाऱ्याचं नाव असे, आणि त्या वर्षाची मोठी घटना यादीत नोंदत. आज हाती असलेल्या यादीत ८०५ पुढं ‘अर्पादकडे’ एवढंच आहे. ८०२ पुढं ‘समुद्राकडे, साथ’. असे दोन-तीन शब्द प्रकरणाचं शीर्षक म्हणून वापरा. महिने चांद्र, वर्ष वसंतात सुरू, मधूनच अधिक महिना. हे तुमच्या वाचकाला उपजतच कळेल.

आकाराचं म्हणाल तर ८२४ ते ८०५ एवढा काळ, ७५,००० शब्द, तीसेक प्रकरणं. डेमी आकारात ते २९० पानांच्या घरात जातं, म्हणजे सोळा पानांचे १८ फॉर्मे. त्याहून मोठी पहिली कादंबरी प्रकाशक हातात घेऊन वजन करतो आणि खाली ठेवतो. शेवटी दोन पानांचं मनोगत जोडा, त्यात काळं, निळं, लाल सरळ सांगून टाका.

राहिलं पहिलं प्रकरण. ते फाडू नका. तराफा पुराच्या पाण्यात मध्यावर आलाय, राणी कातड्याच्या गाठी धरून बसलीय, आणि तराफेवाल्याला ती कोण हे ठाऊक नाही. तो शेजारच्या गड्याला आपल्या भाषेत सांगतोय की राजाची आई म्हणे देवीची पोर, कबुतरांनी पाजलेली. तुमची कबुतरांची आठ पानं इथं दीड पानात बसतील. तिला आरामाईक कळते की नाही, हे तुम्ही ठरवायचं. तेवढं ठरवून हे एकच प्रकरण आधी लिहा आणि पाठवा.